खाचा

पहिलं पेडल तुटलं रिवणच्या चिरेखाणीत,
तिसऱ्या पायरीवरून चौथीवर उडी घेताना.
आवाज एवढासाच,
काजूची बी निखाऱ्यात तडकते तेवढा.
प्लास्टिकचं होतं, पिवळं, चाकाबरोबर फुकट आलेलं.
मी लाल डबक्याशेजारी बसून
उरलेला अर्धा तुकडा शोधत राहिले,
सापडला असता तर जोडणार होते की काय.

एकचाकीला हँडल नसतं.
माझ्या एकचाकीला ब्रेकही नाही,
पाय थांबले की चाक थांबतं.
जमिनीशी जे काही बोलायचं ते दोन तळव्यांनी.
म्हणून मी सांगत असते, सीटचं नंतर बघा,
टायरचं नंतर बघा.
कुणी विचारत नाही. पोस्टाच्या काउंटरवर
पार्सलाचं वजन करता करता सांगते,
आणि समोरचा म्हणतो, बाई, पावती.

दुसरी जोडी मागवली दोन पगार जपून.
ॲल्युमिनियमची, सीलबंद बेअरिंगची,
दोन्ही अंगांना दहा दहा खिळे,
झिजले की काढून नवे बसवायचे.
कुडचड्याला कायतानच्या लेथवर नेली.
खाणी बंद पडल्यापासून त्याच्याकडे ट्रकांचं काम नाही,
गिऱ्हाईक आलं की तो स्टूल पुसून देतो.
त्यानं खिळ्यावर अंगठा दाबून पाहिला:
"हें पेडल न्हय गो, आदोळी. नाल्ल हाड, किसतां."

चेष्टा खरी होती.
माझ्या डाव्या नडगीवर ठिपक्यांच्या तीन ओळी आहेत,
डॉक्टरनं विचारलं होतं, कुत्रं?
आणि रक्तापेक्षा वाईट गोष्ट वेगळीच.
सड्यावरून उतरताना हे खिळे देवासारखे धावून येतात,
जांभ्याचे खडे उडोत, चाक वाकडं होवो,
बूट हलत नाही.
पण पाय उचलून टायरवर टेकवायचा,
चाक पायानंच ढकलायचं, पुन्हा पेडलवर यायचं,
तिथे पेडल बूट सोडत नाही.
अर्धा सेकंद उशीर.
अर्ध्या सेकंदात मी आडवी.

दोन जोड्या घे, एक खाणीला, एक खेळाला,
असं सांगणारे आहेत.
त्यांना पोस्टाचा पगार माहीत नाही.

तेव्हा दाराशी रुझार बसला होता,
कायतानचा मेव्हणा, रेंदेर,
कातीला धार लावून घ्यायला आलेला.
सगळं ऐकून घेतलं, विडी विझवली,
आणि बोलला तो माडाबद्दल.
माडाला खाचा मारताना, म्हणाला,
कडेची खाच खोल हवी, तिथे बोटं धरतात.
मधे उथळ.
मधेही खोल मारली तर पाय चढतो छान,
उतरताना अडकतो.
त्याच्या काकाचा अडकला होता.
पुढचं त्यानं सांगितलं नाही.

कायताननं मधले चार चार खिळे काढले, घासले,
परत बसवले, जेमतेम डोकं वर.
कडेचे तसेच ठेवले.
मग क्रँकवर चढवताना मी डावं पेडल
उजव्यासारखंच फिरवायला लागले,
त्यानं पाना माझ्या हातातून काढून घेतला.
डाव्याचे आटे उलटे.
नाहीतर तुझ्याच पायानं ते सैल होत जाईल
आणि तुला वाटेल रस्ता वाईट आहे.

पैसे किती, तर म्हणाला, चहा सांग.

रुझार उठला. चपला काढल्या.
एकचाकी भिंतीला टेकवलेली,
त्यानं अनवाणी पाऊल पेडलवर ठेवलं,
हळूहळू सगळा भार दिला,
कडेच्या लांब खिळ्यांवरसुद्धा.
मी डोळे मिटून घेतले.
तळवा उचलून त्यानं पाहिला,
सुकलेल्या चिऱ्यासारखा तळवा,
एकही ठिपका नाही.

"मोव आसा," म्हणाला,
आणि काती कमरेला लावून
चारच्या माडांकडे गेला.