आतलं नाव

जिनिंगचा काटा. रात्रीचे साडेदहा.
पावतीवर पुन्हा वजन शून्य.
फंक्शन माझंच, नाव ‘निव्वळ’:
भरल्या गाडीतून रिकामी वजा.
आत छापून पाहिलं, बारा क्विंटल चाळीस.
बाहेर आलं की कोरं.

सरकीच्या पोत्यावरून नथ्थूकाका:
"काऊन व, मशीन इसरते का?"
इसरत नाही, काका.
आतलं नाव बाहेर कोणी वयखत नाही.

मले घरी बुटी म्हणतेत.
समुद्रपूरच्या कॉलेजात
त्या नावानं हाक आली असती
तर मी मान वळवली नसती.

शेवटच्या ओळीत रिटर्न लिहिलं.
प्रिंटर खाकरला, पावती निघाली,
बारा चाळीस.

तेवढ्यात फाटकातून बाबा, लुनाचा हॉर्न दाबत:
"बुटे, चाल व, भाजी थंडी झाली!"

रांगेतल्या सतरा गाड्यांनी ऐकलं.