सातवी रेषा

अडतीस अंशांना वितळतं ते,
आणि जळगावात मे महिना.
चेतना बोरसेचे पांढरे स्फटिक
सकाळी नवालाच कुपीत पाणी झालेले,
बडीशेपेसारखा वास तेवढा शाबूत.
वितळणांक काढायचा तरी कशाचा?

उरला कागद. तीन आठवड्यांनी पुण्याहून आलेला,
एस.टी.च्या पार्सलात चारदा दुमडलेला.
म्हटलं, उजवीकडून वाच, उर्दूसारखं.
शून्यावर उभा तो आपला नव्हे, मैलाचा दगड.
सत्त्याहत्तरवरच्या तिघी, एका उंचीच्या,
त्याही सोड. द्रावकाच्या आहेत त्या,
वऱ्हाडाबरोबर आलेल्या.

तिनं पेन्सिल टेकवत मोजलं.
सव्वीसवर कार्बोनिलला बिलगलेला मिथिल,
पंचावन्नवर ऑक्सिजनच्या आडोशाचा दुसरा,
मग एकशे चौदा, एकशे तीस,
त्रेसष्टचा ठेंगणा,
आणि पार डाव्या टोकाला, दोनशेच्या अलीकडे,
शिवेवरच्या घरासारखा कार्बोनिल एकटा.
"नऊ टाकेल व्हतात, सर. सहाच निंघनात.
तीन कोठे ग्यात?"

कड्याची डावी बाजू उजवीसारखीच आहे, मी म्हटलं,
दोन जोड्या एकेका तोंडानं बोलतात.
"मंग सात पाहिजेत."
पाहिजेत खऱ्या.

वीज गेली. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला.
तिनं पर्समधून बापाचं भिंग काढलं,
सराफ बाजारात खडे बसवतो तो,
आणि खिडकीशी कागद नेऊन
एकशे तीसवर डोळा लावला,
सोन्यातला डाग शोधावा तसा.

बराच वेळ काही बोलली नाही.
मग भिंग माझ्याकडे दिलं.
उंच रेषेच्या उजव्या कुशीत
केसाएवढी एक.
हिच्या कार्बनला हायड्रोजन नाही एकही.
असल्यांसाठी यंत्रानं अंमळ थांबावं लागतं,
आणि यंत्रापुढे नमुन्यांची रांग असते.
शंभरात एखादाच कार्बन ऐकू येतो तिथे,
त्यातून हा दबक्या आवाजाचा.

बावीस वर्षं शिकवतोय मी हे.
काल रात्री मीही सहाच मोजल्या होत्या,
आणि "बुडाली असेल एखादी" म्हणायला
आत्ता तोंड उघडलंच होतं.

तिनं वहीत लिहिलं, एकशे तीस पूर्णांक तीन.
कुपी माठाखालच्या ओल्या वाळूत खोचली.
चारला पाहिलं,
काचेच्या काठाला
एक सुई धरली होती.