मऊ पोलादाची चावी

हानुस आला तो दार न ठोठावताच,
खांद्यावर विंचचा आस, पोत्यात गुंडाळलेला,
मुठीत चावीचे दोन तुकडे.
महिन्यातली ही तिसरी.
"रानवा, ह्या वेळी कडक कर.
ते पाणी पाजलेलं पोलाद आहे ना तुझ्याकडं, ते घे."

तुकडे जुळवून पाहिले मी.
मधला काप गुळगुळीत, सुरीनं चीज कापावं तसा,
एका अंगाला किंचित ओघळलेला.
म्हणजे कुरकुरली नाही बिचारी,
एका झटक्यात सगळा पीळ सोडून मोकळी झाली.
हानुसचा पीळ तसा नाही. तो सुंभ जळल्यावरही राहील.

फेरोच्या ह्या खाडीत घरांना कुलपं नसतात.
चावी म्हटलं की आमच्याकडं हीच:
अर्धी आसात, अर्धी तुंब्यात,
काही उघडत नाही, काही बंद करत नाही,
एक वळला की दुसऱ्याला वळायला लावते,
बस्स.

साठाचा आस, अठरा बाय अकराची चावी.
खाच मोजली. चार दशांश सैल.
"पोलाद मऊ नाही, हानुस, घर सैल आहे.
जाळं ओढताना पुढं आपटते, थांबवताना मागं,
दर खेपेला दोनदा."
तो खिडकीतून बोटीकडं बघत होता.
एयुन, त्याचा भाऊ, फेब्रुवारीत डेन्मार्कला गेला.
तेव्हापासून सुकाणूही ह्याच्याच हाती आणि विंचही.
जाळं खडकात अडकलं तर
लिव्हरवर दुसरा हात नाही.

कोपऱ्यात गोदीतून आलेला एक आस पडला होता,
स्प्लाइनचा, अंगभर दाते.
त्यावरून त्यानं बोट फिरवलं.
"सोळा," तो म्हणाला, "सोळा खांदे. असा करून दे मला."
मी किंमत सांगितली.
मग तो गप्प बसला, म्हणून उरलेलंही सांगितलं:
सोळांतले पहिल्या दिवशी तिघंच ओझं उचलतात.
बाकीचे नुसते शेजारी उभे,
मध्ये केसाएवढी फट.
ते तिघं थोडे झिजले
की मग चौथ्याला हाक ऐकू येते.

कडक चावी माझ्या बापानं एकदा केली होती.
कुणासाठी, ते नको विचारूस,
इथं सगळ्यांना माहीत आहे.
ती तुटली नाही.
अजूनही धड असेल, शंभर वाव खाली,
मोडलेल्या आसाच्या बुंध्यात घट्ट.
त्यानंतर गिऱ्हाइकानं शिव्या घातल्या तरी
बाप मऊच पट्टी उचलायचा.
म्हणायचा, काहीतरी तुटणारच;
ते काय असेल हे किनाऱ्यावर ठरवायचं,
पाण्यावर नाही.

खाच विसावर नेली, आसातली आणि तुंब्यातलीही.
निळा रंग लावून चावी बसवून पाहिली,
जिथं रंग पुसला गेला तिथं कानस,
पुन्हा रंग, पुन्हा कानस.
हानुस कॉफी ओतून आला, माझा कप विसरून.
मग तांब्याची हातोडी.
पहिले ठोके पोकळ वाजतात,
शेवटचा भरीव.
तो ऐकला की हात आपोआप थांबतो.

आणखी एक कापून दिली, जास्तीची,
बिस्किटांच्या डब्यात ग्रीस लावून.
पैसे त्यानं मोजून ठेवले, सुटे सुद्धा.
उंबऱ्यात वळला.
"आणि ही तुटली तर?"
"तर तू परत येशील," मी म्हटलं. "आसासकट."

तो हसला नाही.
"एयुनचा नंबर आहे का तुझ्याकडं?" म्हणाला,
आणि मी सांगेपर्यंत थांबलाही नाही.
उतारावरून धक्क्यापर्यंत
डब्यातली चावी
खुळखुळत गेली.