बद्द

सकाळी नवाला अकरा जण.
बोलेरोतून उतरवलेले, कुणाच्या पायात चपला,
यादी वीस जणांची.
"बाकीचे येतेच सायेब," मुकादम म्हणतो.
बाकीचे कालच खाली उतरलेत, मला माहीत आहे.
त्यालाही माहीत आहे की मला माहीत आहे.

खापरखेडा रोड, मे महिना.
कूलरचं पाणी दहालाच संपतं
आणि खसाच्या वाळल्या वासात
मी फळ्यावर लिहितो : छत.

पूर्वी बुटांपासून सुरू करायचो.
बूट, टोपी, दिवा, कमरेचा डबा.
वायू भरला तर डबा तोंडाशी, नाकाला चिमटा,
आणि पळायचं नाही, चालायचं.
पळणारा माणूस दुप्पट हवा खातो.
हे पुस्तकात आहे, परीक्षेत येतं.
पुस्तकात नसलेलं मी जेवणानंतर सांगतो,
अर्धे पेंगत असतात तेव्हा.

कोपऱ्यात दगडाच्या दोन लाद्या.
एक अखंड. एक आतून सुटलेली, वरून कळत नाही.
सळीनं ठोकतो.
पहिली ठणकन बोलते.
दुसरी म्हणते, बद्द.

"काय ऐकलं?"
सगळे गप्प. मागच्या बाकावर इंदल टेकाम,
सकाळी शाईचा पॅड मागे सारून
ज्यानं आपलं नाव चार मिनिटं लिहिलं,
तो म्हणतो,
"माय बजारात मडकं घेते न, असंच ठोकून पायते.
बद्द आलं का ठेवून देते खाली."

एकवीस वर्षं शिकवतोय.
मला मडकं सुचलं नव्हतं.

"पण सायेब, मडकं खाली ठेवता येते.
छताचं काय करा लागन?"
"बाहेर यायचं."
"अन् मुकादम म्हणन, जाय आत?"
मुकादम दारातच आहे. मोबाइल बघतोय.
कधीचा एकच पडदा बघतोय.

नियम म्हणतो, धोका दिसला तर कामगाराला नाही म्हणता येतं.
नियम म्हणतो, आधी इतके दिवस वर्ग,
मग जुन्या माणसाच्या हाताखाली,
मग एकट्यानं.
ठेकेदाराचा माणूस असला तरी हेच.
सगळं बरोबर आहे. मी त्यातला एक शब्द बदलणार नाही.
पण नाही म्हटल्यावर
उद्या बोलेरो कुणाच्या दारात थांबते
ते नियमात नाही.
वर्गाच्या दिवसांची रोजी मिळेल का,
हे टेकामनं विचारलेलं नाही.
मिळते. कागदावर.

साडेपाचला यादी पुढ्यात. वीस नावं, सहीच्या वीस जागा.
"आटपा न सर. उद्या शिफ्ट आहे.
अकरा काय, वीस काय!"

केली होती मी एकदा अशी सही.
सावनेरच्या पलीकडची खाण, पहिली पाळी.
भाऊदास वरखडे.
त्याचा चेहरा आठवत नाही,
कारण तो वर्गात आलाच नव्हता.
फोटो पाहिला नंतर, चौकशीत,
फॉर्मवर टाचणीनं लावलेला,
आणि खाली माझी सही,
वळणदार, कुठेही शाई न फुटलेली.
त्याच्या बायकोनं मला काही विचारलं नाही.
तिला फक्त बूट परत हवे होते,
ते दिराचे होते,
त्यालाही पाळीवर जायचं होतं.

अकरा नावांपुढे सही करतो.
नऊ जागांवर रेघ.
हात जरा हलतो, रेघ वाकडी येते, येऊ दे.
मुकादम यादीकडे बघतो, माझ्याकडे बघतो,
"धंतोलीतून फोन येईन सर तुम्हाले."
येईल. माझ्या निवृत्तीला चौदा महिने आहेत
आणि मुलीचं कॉलेज अजून तीन वर्षं.

बाहेर ऊन अजून उभंच.
गाडीत चढताना टेकाम थांबतो,
बोट वाकवून टपावर ठोकतो,
कान लावतो.
बाकीचे हसतात, एकजण शिवी देतो.
काय आवाज आला
ते मला इथवर ऐकू आलं नाही.
टेबलावर फोन थरथरायला लागला होता.