दुहेरी रेघ

परळ. सात पायऱ्या खाली माझी खोली,
दारावर लाल दिवा.
तेवीस वर्षं मी माणसांना एवढंच सांगते : हलू नका.

निहार तांडेल, वय पाच महिने, वरळी कोळीवाडा.
त्यानं स्थिर राहावं म्हणून किल्ल्यांचा जुडगा नाचवला.
तो आवाजाकडे वळला,
चमकीकडे नाही.
हे मी कागदावर लिहिलं नाही. ते माझं काम नव्हे.

पडद्यावर आला तो खडूसारखा पांढरा.
मांडीच्या हाडात मधोमध एक करडी गल्ली असते,
रक्त तिथं तयार होतं.
याला गल्लीच नव्हती.
मणक्याच्या आत अजून एक मणका,
डब्यात डबा ठेवावा तसा.
कामेरकर मॅडम बघत राहिल्या,
चहावर साय धरली.

वरच्या ओपीडीत बाप म्हणाला,
"पांढरं म्हणजे कॅल्शियम भरपूर, ना?"
मॅडम म्हणाल्या, "समोरची चाळ पाडतायत, ऐकू येतंय?
हाडातही पाडणारे असतात.
जुनं पाडतात, तेव्हा जागा होते.
याचे पाडणारे कामावर आलेत,
त्यांच्या हातात पहार नाही."

आई इतका वेळ गप्प होती.
"मी रोज मासळी कापते," ती म्हणाली,
"बोंबलाचा काटा पाण्यासारखा,
सुरमईचा ताठ.
पण असा…"
आणि पदरानं बाळाचे कोरडेच ओठ पुसले.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला.
अकरावं गुणसूत्र. एक अक्षर चुकलेलं,
आईकडून तेच, बापाकडूनही तेच.
डॉक्टरांनी कागदावर चौकोन काढला, गोल काढला,
मधे दोन रेघा.
"दोन का?"
"तुम्ही आतेमामे भावंडं, म्हणून."
लग्नात सगळे म्हणाले होते,
घरचीच पोर घरात आली.
कोणाचं चुकलं, हे विचारायला
त्या खोलीत कोणी तोंड उघडलं नाही.
आजीच्या ओळीत दोन चौकोन खोडले गेले.
घरात त्यांना नजर लागली म्हणत.
त्यांचे फोटो कोणी काढले नव्हते,
ना असले, ना तसले.

आज थोरली आली होती, ओवी, सहा वर्षांची,
दंडावर कापसाचा बोळा.
तिचं रक्त जुळतंय का बघणार आहेत.
"माझ्यातलं थोडं त्याच्यात घालणार," तिनं मला सांगितलं,
जणू डब्यातली भाजी.
मग म्हणाली, "तुमच्या किल्ल्या द्या."

जुडगा तिच्याकडेच राहिला.
बाकावर बसून ती त्याच्या कानाशी वाजवत होती,
एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे,
आणि तो वळत होता.

साडेसहा वाजून गेले.
खोलीला कुलूप लावायचं राहिलंय.