थांबा नसलेल्या जागी

एकतीस वर्षं कदंबची बस चालवून
ह्यांनी शेवटी स्वतःसाठी एक गाडी घेतली:
कुठल्याशा शाळेची पिवळी मिनीबस.
अकरा बाकं उखडून भंगारात दिली,
एक ठेवलं, खिडकीपाशी, माझ्यासाठी.
मुलं दप्तरं ठेवायची त्या फळीवर आता
तांदूळ, तूरडाळ, सोलांची बरणी.
पलंग घरच्या फणसाचा. मापात चूक झाली,
ह्यांचे पाय वीतभर बाहेर राहतात
आणि रात्री पाण्याला उठले की मी त्यांना अडखळते.

मे महिना. डिचोलीहून निघालो ते
माणसं भेटत भेटत खाली उतरायचं ठरवून.
केरीला भाची. तिनं अख्खा वाडा बोलावून
गाडी दाखवली, नवी सून दाखवावी तशी:
ही बघा मोरी, हा बघा पंखा.
आगरवाड्याला माझा मामेभाऊ जयदेव
मिठाच्या ढिगावर झावळ्या रचत होता.
बोलला कमीच.
निघताना गोणभर मीठ पलंगाखाली सारलं.
तेव्हापासून उशीसुद्धा दमट.

मे महिन्यात गोव्यात "नको" कुणाला ऐकू येत नाही.
मडगाव येईतो दोन डझन मानकुराद,
कांद्यांच्या माळा, सुकी सुंगटं
आणि एक हुर्राकची बाटली,
जिच्याबद्दल मी काही विचारलं नाही.
घर फिरतं असलं तरी
पुरुमेंत त्यालाही चुकत नाही.

हे कुठेही थांबतात.
बेतूलच्या पुढे, चढावर, भर दुपारी,
एका काजूच्या झाडाखाली इंजिन बंद.
"हांगा एक म्हातारी हात करायची," म्हणाले,
"दर मंगळवारी. डोक्यावर पाटी.
थांबा वर होता, देवळाकडे.
मी कधी थांबलो नाही."
काच खाली करून बराच वेळ बसले.
मी आंबा कापला. रस कोपरापर्यंत आला.

गालजीबागेला पुंडलीक. धाकटा भाऊ.
सहा वर्षं झाली, एक कागद आहे,
त्यावर एक सही नाही.
कुणाची, ते कुणाला विचारता त्यावर आहे.
हे गाडी अंगणात घालेनात.
सुरूंच्या बनात लावली,
घरापासून हाकेच्या अंतरावर,
आणि हाक कुणीच मारली नाही.
पेज शिजली. त्यांच्या पडवीतला दिवा
विझला, लागला, विझला.
समुद्र अंधारात काहीतरी ओढत राहिला.

पहाटे दारावर टकटक.
हातात पिशवी, पायात वहाणा, केस ओले.
आमच्याकडे नाही, गाडीच्या कपाळाकडे बघत म्हणाला:
"खंय वता?"
आम्हाला तर कारवारकडे जायचं होतं.
ह्यांनी स्टिअरिंगवरचा हात काढला नाही.
"चावडेर," म्हणाले.

तो चढला, माझ्या बाकावर बसला.
दहाची नोट पुढे केली. मी घेतली.
काय करणार, कंडक्टर मीच.
मिठाच्या गोणीशेजारी पलंगाची कड धरून बसले.
बराच रस्ता तसाच गेला.
मग मागून: "गियर जड पडटा?"
"मातसो."
मग शेजाऱ्याचा कुत्रा मेला ते. तिसऱ्यांचा भाव.
मग परत काही नाही.

एका वळणावर, जिथे ना घर ना दुकान,
त्यानं पत्र्यावर थाप मारली. एक.
ह्यांचा पाय विचार करायच्या आधीच ब्रेकवर.
तो उतरला. पिशवी राहिली, मी हाक मारली,
"तुमकांच ती," एवढंच म्हणाला.
आत आठळ्या होत्या, वाळवलेल्या,
आणि ह्यांच्या आईचा पितळी डाव.

बाहेरून दोन थापा पडल्या.
दोन म्हणजे निघा, हे मलाही ठाऊक आहे.
ह्यांनी आरशात बघितलं,
आरशात रस्ता होता आणि पांढरा सदरा, लहान होणारा.
खरं तर गाडी हललीच नव्हती.
तोच चालत होता.

"हांगा थांबा नासलो," हे म्हणाले.
मागं एक ट्रक भोंगा वाजवत आला.
वाजवू दे.