लिंग ओळखा

गंगावेशीच्या कट्ट्यावर
म्हशीखाली चरवी धरून बसलेल्या दत्ताजीनं विचारलं,
"सुट्टीला आलासा जणू, वैनी?"
अठ्ठावन्न पुरी झालेली
सुट्टीला आलेली विद्यार्थिनी मी.
म्हणालो, "व्हय, सव्वीस तारखेला परत जातो."

जातो.
आमच्याकडं पोरी, बाया अशाच बोलतात,
येतो, जेवलो, दमलो.
शाळेत पुण्याच्या सोवनीबाई आल्या
आणि फळ्यावर लिहिलं: लिंग ओळखा.
गेलो म्हटलं की पट्टी.
गेले म्हटलं की मागच्या बाकावरून खिदळणं.
पुढं एसटीच्या चौकशी खिडकीत एकतीस वर्षं
दोन्ही चालवलं,
पुण्याच्या माणसाशी गेले,
गारगोटीच्या माणसाशी गेलो.

आता तिकडं,
डोंगरावरच्या त्या गावात,
जिथं साधी कोथिंबीर शोधायची तर एकशे बारा पायऱ्या
(आणि कोथिंबीर नसतेच),
माझ्या थोरल्या लेकीपेक्षा लहान दोनातेल्लाबाई
वाक्य मध्येच अडवते.
"आन्दातो नाही, वियायमाला. आन्दाता. आ."
विजयमालातला ज तिला जमत नाही.
डॉक्टरपुढं करावा तसा मी आ करतो.
वर्गातली पोरं हसत नाहीत,
बावीस-तेवीसची ती, आपापल्या चुकांत गळ्यापर्यंत.

त्या भाषेत नपुंसकलिंग नाही.
पहिला महिनाभर ह्याच एका गोष्टीनं झोप लागेना.
घर, ती. पाणी, ती.
दूध तो, मीठ तो, पुस्तक तो.
मूल जन्माआधीच मुलगा.
मग आमचं ते पोरगं, ते येडं,
ते भिजलेलं मांजराचं पिल्लू,
ते काय ते,
कुठं ठेवायचं?
तेवीस किलोच्या बॅगेत
कांदा-लसूण चटणी, ह्यांचा फोटो,
आणि एवढं मोठं ते.

परवान्याच्या कचेरीत मात्र गंमत झाली.
खिडकी तसलीच, मी काचेच्या उलट्या बाजूला.
आत मिशीवाला पोलीस.
त्याला मान द्यायचा तर ती म्हणायचं. लेई.
खाटीक असो, मंत्री असो,
अहो-जाहो करायचं म्हणजे समोरच्याची बाई करायची.
मी त्याला लेई म्हटलं, त्यानं मला लेई,
काचेच्या अल्याड-पल्याड दोघी उभ्या राहिलो.
कागद तरी एक कमीच निघाला.
लई हसलो त्या दिवशी, परतीच्या बसमध्ये, एकटीच.

इथं गॅसच्या वर क्रियापदांचा तक्ता डकवलाय.
फोडणीचं तेल उडून भूतकाळ पिवळा पडला.
नणंद रत्नप्रभाताई रोज विचारते,
"ह्या वयात कशाला गं पण?"
बँकेत सांगितलं, हवापालट.
दत्ताजीला, तिकडचं चीज शिकायला.
ताईला म्हटलं, "ह्यांच्या पेन्शनचं लोणचं घालू काय?"
खरं उत्तर आहे.
पण त्याला संकेतार्थ लागतो,
आणि तो धडा सप्टेंबरात.

गृहपाठ: आपल्या गावाविषयी दहा वाक्यं.
गावं, शहरं, सगळी तिकडं ती.
पहिलं वाक्य लिहिलं, कोल्हापूर सुंदर आहे, बेल्ला,
आणि पेन अडलं.
सगळं आयुष्य हिला ते म्हणत आलो.
बिनखांबी गणपतीपाशी उन्हात रिक्षा शोधताना,
ह्यांना दवाखान्यातून घरी आणताना,
कधी मनात आलं नाही की ही ती असेल.
दुसरं वाक्य रंकाळ्यावर.
तो तिकडंही तोच. बरं वाटलं.
तिसऱ्यात खाडाखोड.

दार वाजलं.
खुर्चीवरूनच ओरडलो, "कोण आलं?"

आलं.

पुन्हा एकदा म्हणून बघितलं, हळू,
तोंडातल्या तोंडात.

"मी आलो, आज्जी," जिन्यातून शेजारची गार्गी,
पाचवी ब, इंग्रजी शाळा,
एक चप्पल इकडं, एक तिकडं.
"काय लिहितेस?"
"गाव," म्हणालो,

आणि तेवढ्यात दूध उतू गेलं.